चाकांचे दुखणे आणि निदानाचा मेहनताना

ताशी ८० किलोमीटरच्या पुढे काटा सरकला की स्टिअरिंग थरथरू लागते, वळणावर गाडी वाट सोडून हेलकावते आणि ब्रेक दाबताच एका अंगाला ओढ घेते, अशी तक्रार घेऊन एखादा गृहस्थ गॅरेजच्या दारात उभा राहिला, म्हणजे त्याची जबानी पुरती होण्यापूर्वीच ‘व्हील बॅलन्सिंग करून टाकू’ असा निवाडा त्याच्या कानी पडतो. बॅलन्सिंगने चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी तक्रार पूर्ववत उभी राहते, मग अलाइनमेंट होते, मग पुढचे दोन टायर बदलले जातात, मग शॉकअप बदलतात, आणि एवढा खर्च होऊन गेल्यावर कोणी जुना जाणता मेस्त्री गाडी जॅकवर चढवतो, चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहतो आणि सांगतो, “साहेब, बेअरिंग गेलंय, आणि लोअर आर्मचे बुशही संपलेत.” ज्या दोन वस्तू झिजल्या होत्या त्या तशाच राहून त्यांच्या शेजारपाजारच्या सर्व वस्तू तोवर नव्या झालेल्या असतात. हा क्रम गावोगावच्या गॅरेजांत इतक्या नियमाने घडताना दिसतो, की त्याला अपवादात्मक गैरप्रकार न म्हणता व्यवसायाचा रिवाज म्हणणेच अधिक रास्त ठरेल.

या रिवाजाचे खापर मेस्त्रीच्या अज्ञानावर किंवा लबाडीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे आणि आपण मोटारमालक ते हौसेने करतोही. परंतु गॅरेजच्या पावतीकडे क्षणभर निरखून पाहिले, तर दोषाचे मूळ निराळ्याच ठिकाणी असल्याचे ध्यानात येते. त्या पावतीवर सुट्या भागांची किंमत असते, ते बसवण्याची मजुरी असते, करांचा तपशील असतो. परंतु दुखणे कोठे आहे हे शोधण्यात जो वेळ गेला आणि जी बुद्धी खर्ची पडली तिच्यासाठी बहुधा स्वतंत्र रकाना नसतो, आणि एखाद्याने तो घातलाच, तर ‘तुम्ही काही बदललेच नाही, मग पैसे कसले?’ असा सवाल आपणच करतो. ज्या श्रमाला मोबदला नाही तो श्रम हळूहळू नाहीसा होतो, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. आणि आपल्या गॅरेजांतून निदानाची कला ओसरत चालली असेल, तर तिला ओहोटी लावणारे आपण गिऱ्हाईकच आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीच्या अस्थिरतेचे निदान बुद्धीचे काम का आहे, हे समजण्यासाठी चाकाभोवतीची रचना थोडी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. टायर रिमवर, रिम हबवर आणि हब बेअरिंगवर बसते. बेअरिंग ज्या ओतीव लोखंडी सांध्यात बसते तो खाली बॉल जॉइंटने लोअर आर्मला आणि वर शॉकअपच्या खांबाला जोडलेला असतो. लोअर आर्म रबरी बुशांच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याशी बांधलेला असतो, आणि स्टिअरिंगचा हुकूम टाय रॉड एंड नावाच्या एका लहानशा सांध्यातून चाकापर्यंत पोचतो. ही साखळी अशी आहे, की तिची कोणतीही एक कडी ढिली झाली तरी चालकाच्या हाती येणारे लक्षण जवळजवळ एकच असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान गाडीचे चाक दर सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. रिमच्या काठावर अवघ्या ३० ग्रॅमचा असमतोल असला, तर त्या वेगाला प्रत्येक फेऱ्यात सुमारे ५ किलो वजनाएवढा हिसका चाकाला बसतो. आणि स्प्रिंगांखाली लोंबणाऱ्या चाकांचे स्वतःचे नैसर्गिक आंदोलनही साधारण याच गतीचे असल्यामुळे, ८० ते ११० किलोमीटरच्या पट्ट्यात थरथर उफाळून येते आणि त्याच्या अलीकडे पलीकडे ओसरते. सांधे घट्ट असतील तर एवढा हिसका ते निमूटपणे जिरवतात. सांधे झिजले, की तोच हिसका स्टिअरिंगपर्यंत येऊन पोचतो. म्हणजे असमतोल हे निमित्त असते आणि झीज हे कारण असते. बॅलन्सिंगने निमित्त दूर होते म्हणून चार दिवस बरे वाटते, आणि कारण जागच्या जागी राहते म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

आपल्याकडील वैद्यकाने रोगज्ञानाची जी पाच साधने सांगितली, ती या कामी मला फार मार्मिक वाटतात. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती असा तो क्रम आहे. वैद्य प्रथम रोग कशाने झाला असेल ते विचारतो, मग रोग प्रकट होण्यापूर्वी कोणती अस्पष्ट चिन्हे दिसली ते पाहतो, मग प्रत्यक्ष लक्षणे तपासतो, मग आहारविहारात किंवा औषधात थोडा फरक करून दुखणे वाढते की उतरते याची परीक्षा घेतो, आणि अखेरीस रोग कोणत्या मार्गाने पसरत गेला त्याचा उलगडा करतो. चाकाच्या बाबतीत हेतू म्हणजे खड्ड्यातला आदळा, पदपथाच्या कडेवर चढवलेले चाक किंवा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी. पूर्वरूप म्हणजे कित्येक महिने आधीपासून येणारी ती बारीक घुंघुं, जी रेडिओचा आवाज वाढवून आपण झाकून टाकतो. आणि उपशय म्हणजे वेग, वळण, रस्ता, ब्रेक यांपैकी एकेक गोष्ट बदलून लक्षणात काय फरक पडतो ते पाहणे. आपल्या गॅरेजांत यांपैकी पहिली दोन साधने विचारलीच जात नाहीत, आणि उपशयाचा अर्थ ‘एक भाग बदलून पाहू, नाहीतर दुसरा बदलू’ एवढाच उरला आहे. तोही रोग्याच्या खर्चाने.

वस्तुतः ही परीक्षा किती थोड्या साहित्याने आणि किती थोड्या वेळात होऊ शकते, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. गाडी बाहेर काढण्यापूर्वीच टायरच्या नक्षीवरून हात फिरवावा: फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल, तर चाकाचा उभा कल बिघडला आहे, एका दिशेने हात फिरवताना नक्षी गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी बोचरी लागत असेल, तर चाके समांतर राहिलेली नाहीत, आणि ठिकठिकाणी उथळ वाट्या पडल्या असतील, तर शॉकअप किंवा बेअरिंग यांच्याकडे संशयाची सुई वळवावी. चाक आपल्या दिशेपासून एक अंश जरी तिरके राहिले, तरी प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवे घासत जाते, हा साधा भूमितीचा हिशेब आहे. टायरवर त्याची नोंद न उमटेल तरच नवल.

त्यानंतर गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी. घुंघुं आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर न बदलता केवळ गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर इंजिनाला दोषमुक्त करावे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्याबरोबर आवाजाची जात बदलली, तर तो टायरचा. न बदलता तसाच राहिला, तर बहुधा बेअरिंगचा. उजवीकडे वळताना गाडीचे वजन डाव्या चाकांवर येते; म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला आणि डाव्या वळणावर दबला, तर डाव्या बाजूची चौकशी आधी करावी. आवाज नेमका कोणत्या चाकातून येतो हे आत बसलेल्या माणसाच्या कानावर विसंबून ठरवू नये, कारण सांगाड्याच्या पत्र्यातून तो भलतीकडेच उमटतो.

मग गाडी जॅकवर उचलून, पण केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम घोडीवर टेकवून, चाक घड्याळातील बारा आणि सहा यांच्या जागी धरून आतबाहेर हलवावे. ढिलेपणा, म्हणजे प्ले, जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून तीच कृती पुन्हा करावी: ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला, तर बेअरिंग दोषी, कायम राहिला, तर बॉल जॉइंट किंवा त्यापलीकडचा सांधा. चाक तीन आणि नऊ या जागी धरल्यावरच हलत असेल, तर टाय रॉड एंड तपासावा. चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर बोटे टेकवली, तर बेअरिंगची खरखर बोटांना कळते; आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक हबवर ठेवून मूठ कानाशी लावण्याची जी जुनी पद्धत आपले मेस्त्री वापरीत आले, ती आजही निरुपयोगी झालेली नाही. शेवटी लोअर आर्म टॉमीने किंचित उचकटून बुशांचे रबर फाटले आहे काय ते पाहावे. एवढ्या परीक्षेला तासाभराहून अधिक वेळ लागू नये, आणि तिच्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. गॅरेजच्या दृष्टीने तिचा दोषही नेमका हाच आहे.

येथे अलाइनमेंटविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण संगणकाच्या पडद्यावरील हिरव्या आकड्यांनी जेवढी खोटी खात्री निर्माण केली आहे तेवढी दुसऱ्या कशानेही केली नसेल. अलाइनमेंटचे यंत्र चाकांचे कोन मोजते ते गाडी जागेवर उभी असताना. बुश झिजलेले असतील, तर उभ्या गाडीत चाक जेथे असते तेथे ते धावत्या गाडीत राहत नाही. ब्रेक लागला की लोअर आर्म मागे सरकतो, वळणावर तो बाजूला सरकतो, आणि यंत्राने मिळवून दिलेला कोन क्षणोक्षणी बदलत राहतो. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे कागदावर बिनचूक आणि रस्त्यावर निरर्थक असा एक दाखला होय. आधी सांध्यांची तपासणी, मग आवश्यक ती दुरुस्ती आणि सर्वांच्या शेवटी अलाइनमेंट हाच क्रम शास्त्रशुद्ध आहे; आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी नेमका उलटा चालतो.

निदान बरोबर होऊनही दुरुस्ती बिघडते ती घाईमुळे. बेअरिंगमधील गोळ्या आणि त्यांच्या धावा यांच्यातील अंतर मायक्रॉनमध्ये मोजले जाते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात. असे बेअरिंग प्रेसने बसवण्याऐवजी हातोडीने ठोकून बसवले, तर पहिल्याच ठोक्याला धावेवर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवा माल पेटीतून बाहेर पडतानाच म्हातारा होतो. आजच्या पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडे बसवलेले असते, कारण ए.बी.एस.ला चाकाचा वेग त्यावरूनच कळतो. बेअरिंग उलटे बसवले, की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि गिऱ्हाइकाला एका नव्याच आजाराच्या नावाने पुन्हा बोलावले जाते. हबचा नट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला न आवळता अंगच्या जोरावर आवळला, तर बेअरिंगचे आयुष्य अकारण घटते. ही कामे अवघड नाहीत, परंतु ती सबुरीची आहेत; आणि सबुरीलाही आपल्या पावतीत रकाना नाही.

ज्या वस्तूविषयी आपण बोलत आहोत तिचा इतिहासच या मुद्द्याची साक्ष देतो. हेन्री टिमकेन हा सेंट लुईसमधील घोडागाड्या बांधणारा कारखानदार. वळणावर चाकावर येणारा आडवा भार पेलण्यासाठी त्याने निमुळत्या रोलरचे बेअरिंग तयार करून १८९८ साली त्याचे पेटंट मिळवले, आणि मालट्रकांच्या चाकांत ते तत्त्व आजही राबते आहे. त्यानंतर काही वर्षांनी स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण अभियंता गिरणीतील दंडांची बेअरिंगे पुन्हा पुन्हा मोडत असल्यामुळे त्रस्त झाला होता. नवी मागवून बसवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. परंतु त्याने मोडण्याचे कारण शोधले, तेव्हा दोष बेअरिंगचा नसून गिरणीखालील चिकणमातीची जमीन खचून दंड वाकडे होत असल्याचा निघाला. जमीन बदलता येणार नाही, मग दंड थोडा कलला तरी तो सावरून घेणारे बेअरिंग का करू नये, या विचारातून १९०७ साली स्वतःला जुळवून घेणारे गोळ्यांचे बेअरिंग जन्माला आले आणि त्याच वर्षी एस.के.एफ. ही कंपनी निघाली, जिचा कारखाना आज आपल्या चिंचवडला आहे. एका माणसाने मोडलेला भाग निमूटपणे बदलण्याचे नाकारले, म्हणून एक जागतिक उद्योग उभा राहिला. निदानाची किंमत किती असते, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

आता हे सारे मालकाच्या खिशापुरते असते, तर वर्तमानपत्राचे रकाने त्यासाठी खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु बॉल जॉइंट निखळला तर चाक बाहेरच्या बाजूला कोलमडते आणि गाडी चालकाच्या हुकमतीबाहेर जाते. ते घाटात घडले, तर त्याचे परिणाम त्या गाडीपुरते राहत नाहीत. आपला पाऊस आणि आपले रस्ते या झिजेला भरपूर हातभार लावतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस अपवादात्मक होता खरा. परंतु कमी-अधिक पाण्यात गाडी घालण्याचे प्रसंग मुंबई-ठाण्यात आणि कोकणात दरसाल येतात. धावून तापलेला हब पाण्यात बुडून एकाएकी थंड झाला, की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस निकामी होते, गंज धरतो, आणि घुंघुं ऐकू येईपर्यंत पावसाळा विस्मृतीत गेलेला असतो.

अशा वेळी सरकारची भूमिका काय असते? मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि तिच्या योग्यतेची तपासणी पहिल्यांदा होते ती त्या नोंदणीचे नूतनीकरण करावयाच्या वेळी. उलट धुराच्या तपासणीचा दाखला पहिले वर्ष संपताच घ्यावा लागतो आणि आजच्या गाड्यांना तो दरसाल नवा करावा लागतो. धूर तपासणे योग्यच आहे. परंतु मागच्या नळीकडे दरवर्षी पाहावयाचे आणि चार चाकांकडे १५ वर्षे ढुंकूनही पाहावयाचे नाही, हा न्याय अजब आहे. रस्त्यावर असुरक्षित गाडी चालवणे हा याच अधिनियमाच्या कलम १९० खाली अपराध आहे, परंतु गाडी असुरक्षित आहे हे ठरवण्याची नियमित सोयच नसल्यावर त्या कलमाला धार कोठून येणार? ब्रिटनने १९६० साली सक्तीची तपासणी सुरू केली ती १० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. १९६७ पर्यंत ती मर्यादा ३ वर्षांवर आणली गेली, आणि आज तेथील तपासनीस चाकांची बेअरिंगे आणि स्टिअरिंगचे सांधे दरवर्षी हलवून पाहतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की तपासणी वाढली म्हणजे दलाल वाढतील आणि दाखला चिरीमिरीने मिळू लागेल. आक्षेप निराधार नाही. तथापि त्याचे उत्तर तपासणी न करणे हे नसून, तपासणारा आणि दुरुस्त करणारा यांची फारकत करणे हे आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांत केंद्रचालकाने दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांचा धंदा करू नये, हे तत्त्व मान्य झालेलेच आहे. ते खाजगी मोटारींना पाचव्या वर्षापासून, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी, लागू करावे अशी माझी सूचना आहे. ज्याला भाग विकून पैसा मिळत नाही, तोच भाग चांगला असल्याचे निःशंकपणे सांगू शकतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मालकाच्या हाती जे आहे ते त्याने करावे. गाडी हलते अशी तक्रार घेऊन जाल, तेव्हा ‘काय बदलायचे’ हे न विचारता ‘कोठे झिजले आहे ते दाखवा’ असे म्हणा. तपासणीचा मेहनताना आधी ठरवा आणि काहीही बदलावे लागले नाही, तरी तो आनंदाने द्या. लक्षणे केव्हा, कोणत्या वेगाला, कोणत्या वळणावर दिसतात ते लिहून न्या. बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि त्याचा प्ले स्वतःच्या हाताने पाहा. आणि सांध्यांची खात्री झाल्याखेरीज अलाइनमेंटला एक पैसाही देऊ नका. जो मेस्त्री अर्धा तास खर्च करून ‘तुमचे बेअरिंग ठीक आहे, फक्त टायर झिजलेत’ असे सांगतो, त्याने तुमचे हजारो रुपये वाचवले आहेत. त्याला त्या अर्ध्या तासाचे पैसे द्या, आणि पुन्हा त्याच्याकडेच जा.